कुठे घडतो, कुठे चालतो, कोणाला पाहतो

डिबगर म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामच्या आत डोकावणारा प्रोग्राम. चालता प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवायचा, त्या क्षणी कोणत्या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते दाखवायचं आणि त्याला पुन्हा पुढे सोडायचं, हे त्याचं काम. दोघं एकाच संगणकावर असले की यामागची खटपट आपल्याला दिसतही नाही. पण लॅपटॉप इंटेलचा आणि ज्याच्यावर प्रोग्राम चालणार तो बोर्ड आर्मचा, अशी जोडी जमली की पहिल्याच तासात प्रश्न पडायला लागतात. डिबगर कोणता घ्यायचा, बसवायचा कुठे आणि त्याच्या कॉन्फिगर स्क्रिप्टला सांगायचं काय?

आधी ‘थांबवणं’ म्हणजे नेमकं काय ते बघू, कारण सगळ्या गुंत्याचं मूळ तिथे आहे. ब्रेकपॉइंट लावला की मेमरीतल्या त्या जागेवरची मूळ सूचना बाजूला काढून ठेवली जाते आणि तिच्या जागी ‘थांब’ असं सांगणारी सूचना लिहिली जाते. इंटेल घराण्याच्या प्रोसेसरवर ही सूचना एकाच बाइटची असते, तिची किंमत २०४. तिथे सूचना १ बाइटपासून १५ बाइटपर्यंत कितीही लांबीची असू शकते, म्हणून सर्वांत छोट्या सूचनेच्या जागेतही मावेल असा हा सापळा. ६४ बिटी आर्मवर प्रत्येक सूचना बरोबर ४ बाइटची, त्यामुळे सापळाही ४ बाइटचा. ३२ बिटी आर्मवर आणखी एक फाटा आहे: साध्या सूचना ४ बाइटच्या, तर थंब नावाच्या आटोपशीर संचातल्या बहुतेक २ बाइटच्या. प्रोग्रामचा तो तुकडा कोणत्या संचात लिहिलेला आहे हे डिबगरला कळलंच पाहिजे. नाहीतर सापळा चुकीच्या मापाचा बसतो आणि प्रोग्राम थांबण्याऐवजी कोसळतो.

रजिस्टरांचंही तसंच. ६४ बिटी इंटेलवर सर्वसाधारण वापराची रजिस्टरं १६, ६४ बिटी आर्मवर ३१. ३२ बिटी आर्मवर १६, आणि त्यांतलं शेवटचं म्हणजे खुद्द ‘आता कुठे आहोत’ हे सांगणारं प्रोग्राम काउंटर. फंक्शनला दिलेली पहिली किंमत कुठे ठेवायची, परतायचा पत्ता कुठे सापडेल, स्टॅक कसा उलगडायचा, हे सगळं प्रोसेसरागणिक बदलतं. तेव्हा डिबगर ज्या प्रोसेसरवर चालतो आणि ज्या प्रोसेसरची त्याला माहिती आहे, ते दोन वेगळे असू शकतात. इंटेलवर चालणारा डिबगर आर्मचा जाणकार असू शकतो. हे एकदा मनात पक्कं बसलं की पुढचं निम्मं काम झालं असं मी मानतो.

या प्रकरणात आपण जीडीबी घेऊ. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये ग्नू प्रकल्पासाठी लिहिलेला हा डिबगर आजही लिनक्सच्या जगात पहिला आठवतो. त्याची कॉन्फिगर स्क्रिप्ट तीन नावं ओळखते: बिल्ड, होस्ट आणि टार्गेट. बिल्ड म्हणजे ज्या यंत्रावर आपण सोर्स कम्पाइल करतो आहोत ते. होस्ट म्हणजे तयार झालेला प्रोग्राम ज्या यंत्रावर चालणार ते. टार्गेट म्हणजे तो प्रोग्राम ज्या यंत्राचा कोड वाचणार किंवा लिहिणार ते. कॅल्क्युलेटर किंवा वेब सर्व्हर यांना टार्गेट नसतं, पहिली दोन पुरतात. तिसऱ्याची गरज कम्पायलर, असेंब्लर आणि डिबगर यांनाच, कारण त्यांच्या कामाचा मालच मुळात कुठल्यातरी प्रोसेसरचा कोड असतो.

गोंधळ होतो तो इथेच. एम्बेडेड क्षेत्रात काम करणारे लोक, मग ते हिंजवडीत गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सवर काम करणारे असोत की आणखी कुठले, बोलताना टेबलावरच्या पीसीला ‘होस्ट’ आणि बोर्डाला ‘टार्गेट’ म्हणतात. बोलण्यापुरतं ते ठीक आहे. पण बोर्डावर चालणारा प्रोग्राम कॉन्फिगर करताना होस्ट म्हणजे बोर्डच. पीसीचं नाव तिथे लिहिलं की स्क्रिप्ट तक्रार करत नाही, शेवटपर्यंत नीट जाते आणि बोर्डाला अजिबात न कळणारी फाइल हातात ठेवते. ती तिथे चालवली की ‘एग्झेक फॉर्मॅट एरर’.

उदाहरणाला रास्पबेरी पाय झीरो घेऊ. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये तो ५ डॉलरला बाजारात आला, आणि ‘द मॅगपाय’ मासिकाच्या एका अंकासोबत तर मुखपृष्ठाला चिकटवून फुकट दिला गेला. एकच कोअर, १ गिगाहर्ट्झ, ५१२ एमबी मेमरी, आत एआरएमव्ही६ जातीचा प्रोसेसर. जीडीबी आता सी प्लस प्लसमध्ये लिहिला जातो आणि अलीकडच्या आवृत्त्यांना सी प्लस प्लस १७ समजणारा कम्पायलर लागतो. असा सोर्स या बोर्डावरच कम्पाइल करायला घेतला तर तासन्‌तास जातात, मेमरी संपते, स्वॅप सुरू होतो आणि एसडी कार्ड बिचारं घासत राहतं. म्हणून कम्पाइल पीसीवर करायचं. पण काय कम्पाइल करायचं?

अख्खा डिबगर बोर्डावर नेण्याचा मोह होतो. तो टाळावा असं माझं स्पष्ट मत आहे. जीडीबीच्या रचनेतच याहून चांगली सोय आहे: डिबगरचे दोन तुकडे करायचे. मोठा तुकडा पीसीवर राहतो. सोर्स कोड, डिबग माहिती, स्टॅक उलगडण्याची अक्कल, पायथनमध्ये लिहिलेल्या मदतनीस स्क्रिप्टा, सगळं त्याच्याकडे. छोटा तुकडा बोर्डावर जातो, त्याचं नाव जीडीबीसर्व्हर. सोर्स आणि व्हेरिएबलांची नावं याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. प्रोग्राम थांबव, मेमरीचे इतके बाइट वाच, रजिस्टरं दे, पुढे जाऊ दे, एवढीच कामं तो लिनक्सच्या पीट्रेस या सोयीमार्फत करतो. तो इतका आटोपशीर आहे की दुबळ्या उपकरणातही सहज मावतो.

दोघांमधला संवाद एका साध्या, उघड्या भाषेत चालतो. प्रत्येक निरोप डॉलरच्या चिन्हाने सुरू होतो, मग मजकूर, मग हॅशचं चिन्ह आणि शेवटी पडताळणीचे दोन अंक. सगळी रजिस्टरं हवी असतील तर मजकूर एकाच अक्षराचा, इंग्रजी लहान लिपीतला जी. पडताळणी म्हणजे मजकुरातल्या अक्षरांच्या किमतींची बेरीज, २५६ ने भागून उरलेली बाकी, षोडशमान पद्धतीत लिहिलेली. जी या अक्षराची षोडशमान किंमत ६७, म्हणून पूर्ण निरोप होतो: डॉलर, जी, हॅश, ६७. समोरून अधिकचं चिन्ह येतं, म्हणजे पोचलं. मग येते सगळ्या रजिस्टरांच्या किमतींची एकसलग, लांबच लांब माळ. मध्ये स्वल्पविराम नाहीत, नावं नाहीत. कोणते अंक कोणत्या रजिस्टरचे हे वाचणाऱ्यालाच ठाऊक असावं लागतं. ही माळ लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

आता पीसीवरचा मोठा तुकडा. तो पीसीवर घडणार, पीसीवर चालणार आणि आर्मकडे पाहणार. म्हणजे बिल्ड आणि होस्ट एकच, फक्त टार्गेट वेगळं. सोर्सच्या बाहेर एक रिकामी डिरेक्टरी करायची, तिच्यात उभं राहून कॉन्फिगर चालवायचं आणि एकच गोष्ट सांगायची: टार्गेट म्हणजे आर्म-लिनक्स-ग्नूईएबीआयएचएफ. (टर्मिनलवर हे अर्थातच इंग्रजी लहान लिपीत, पर्यायाच्या आधी दोन आडव्या रेघा देऊन.) या नावात पहिला प्रोसेसर, मग कर्नल आणि शेवटी ग्नू ग्रंथालयांचा कोणता करार पाळायचा ते. टोकाचं एचएफ म्हणजे दशांश अपूर्णांकांच्या किमती फंक्शनला देताना हार्डवेअरची फ्लोटिंग पॉइंट रजिस्टरं वापरायची.

या कामाला आर्मचा क्रॉस कम्पायलर, म्हणजे पीसीवर चालून आर्मचा कोड देणारा कम्पायलर, अजिबात लागत नाही. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहितो आहे. आर्मचा डिबगर हवा म्हणून कम्पायलरही आर्मचाच द्यायचा, असं मनाला वाटतं खरं, पण मोठा तुकडा हा पीसीचाच प्रोग्राम आहे. त्याला पीसीचा नेहमीचा कम्पायलर, जीएमपी आणि एमपीएफआर ही गणिताची ग्रंथालयं, एक्सपॅट हे एक्सएमएल वाचणारं ग्रंथालय, हवं तर पायथन आणि पडद्यासाठी एनकर्सेस, हे सगळं पीसीच्या जातीचंच हवं. बोर्ड विकणाऱ्या कंपन्यांच्या एसडीकेबरोबर एक स्क्रिप्ट येते, ती चालवली की टर्मिनलमध्ये सीसी, सीएक्सएक्स वगैरे व्हेरिएबलं क्रॉस कम्पायलरकडे वळतात. त्या टर्मिनलमध्ये हा बिल्ड करू नये. नवं टर्मिनल उघडावं.

स्क्रिप्ट सुरू झाली की तिच्या अगदी पहिल्या ओळींकडे नीट बघायचं. ती सांगते: बिल्ड यंत्र अमुक, होस्ट यंत्र अमुक, टार्गेट यंत्र अमुक. पुढच्या शेकडो ओळी भराभर सरकून गेल्या तरी चालतील, पण या तीन वाचल्याशिवाय मेक चालवू नये. पहिल्या दोन इंटेलच्या आणि तिसरी आर्मची दिसली, की रस्ता बरोबर आहे.

ज्यांना हा सारा खटाटोप नको, त्यांच्यासाठी डेबियन आणि उबुंटूमध्ये जीडीबी-मल्टीआर्क नावाचं तयार पॅकेज आहे. त्यात जीडीबीला माहीत असलेले बहुतेक प्रोसेसर एकत्र बांधलेले असतात, आणि आपल्या बिल्डमध्येही ‘एनेबल-टार्गेट्स’ला ‘ऑल’ सांगून तेच साधता येतं. रोजच्या कामाला ते पॅकेज पुरतं. स्वतः बांधायची वेळ येते ती विशिष्ट आवृत्ती हवी असेल, कंपनीने दिलेल्या डिबगरमध्ये पायथन बंद असेल किंवा प्रोसेसर फार नवा असेल तेव्हा.

बोर्डावरचा छोटा तुकडा पीसीवर घडणार, पण आर्मवर चालणार. इथे होस्ट म्हणून आर्मचं नाव द्यायचं. टार्गेट वेगळं सांगायची गरज नाही, न सांगितल्यास ते होस्टसारखंच धरलं जातं. इथे मात्र क्रॉस कम्पायलर लागतो. २०२० मध्ये आलेल्या जीडीबी १० पासून जीडीबीसर्व्हर सोर्सच्या वरच्या पातळीवर स्वतंत्र डिरेक्टरीत आला, त्यामुळे ‘डिसेबल-जीडीबी’ सांगून नुसता तोच बांधता येतो. मग जीएमपी नको, एनकर्सेस नको. लिंकरला ‘स्टॅटिक’ सांगितलं तर सी ग्रंथालयही त्याच्या पोटातच बांधलं जातं आणि बोर्डावर ते कोणत्या आवृत्तीचं आहे याची काळजी मिटते.

आता पाय झीरोची खास अडचण. उबुंटूवरून आर्मचा क्रॉस कम्पायलर बसवला, जीडीबीसर्व्हर बांधला, एकही चूक आली नाही, फाइल बोर्डावर नेली, चालवली आणि उत्तर आलं ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’. नाव तर बरोबर होतं, टोकाला एचएफही होतं. कारण असं की डेबियन आणि उबुंटूच्या व्याख्येत एआरएमएचएफ म्हणजे किमान एआरएमव्ही७, आणि पाय झीरो, तसाच २०१२ चा पहिला पाय, एआरएमव्ही६. रास्पबियन नावाचं वेगळं वितरण त्या वर्षी उभं राहिलं ते याचसाठी: डेबियनची हजारो पॅकेजं व्ही६ साठी नव्याने कम्पाइल करावी लागली. दोन्हीकडे नाव मात्र अक्षरशः तेच राहिलं.

मग कम्पायलरला ‘एआरएमव्ही६ साठी कोड दे’ असं सांगून भागतं का? भागत नाही. आपला सोर्स व्ही६ मध्ये उतरतो, पण प्रोग्रामच्या सुरुवातीला जोडले जाणारे छोटे तुकडे आणि स्टॅटिक सी ग्रंथालय कम्पायलरबरोबर आधीच तयार होऊन आलेले असतात, व्ही७ मध्ये. प्रोग्राम मेनपर्यंत पोचण्याआधीच अडखळतो. तपासायची रीत सोपी आहे. रीडएल्फ या हत्याराला कॅपिटल ए हा पर्याय देऊन फाइल दाखवली की ते आर्मची गुणलक्षणं छापतं. त्यात ‘टॅग सीपीयू आर्क’ या ओळीसमोर व्ही७ दिसलं, तर ती फाइल पाय झीरोवर न्यायचीच नाही. उपाय म्हणजे मुळापासून व्ही६ साठी बांधलेला टूलचेन. क्रॉसटूल-एनजी किंवा बिल्डरूट तो बांधून देतात.

दोन्ही तुकडे तयार झाले की बोर्डावर जीडीबीसर्व्हरला एक पोर्ट, समजा २३४५, आणि प्रोग्रामचं नाव द्यायचं. पीसीवर आर्मच्या जीडीबीत त्याच प्रोग्रामची डिबग माहितीसकट असलेली प्रत उघडायची आणि ‘टार्गेट रिमोट’ म्हणून बोर्डाचा पत्ता व पोर्ट द्यायचा. बोर्डावरची प्रत स्ट्रिप केलेली, सडपातळ असली तरी बिघडत नाही, कारण नावं आणि ओळींचे क्रमांक पीसीवरच्या प्रतीतून येतात. दोन्ही प्रती एकाच बिल्डमधल्या मात्र हव्यात.

यानंतर बहुधा एक इशारा दिसतो: दूरच्या यंत्रावरून फाइली आणणं मंद असू शकतं, ‘सेट सिसरूट’ वापरा. आपला प्रोग्राम बोर्डावरची सी ग्रंथालयं वापरतो, त्यांची रचना डिबगरला हवी असते आणि तो ती तारेवरून ओढून आणू लागतो. सिसरूट म्हणजे बोर्डाच्या फाइल सिस्टिमची पीसीवर ठेवलेली प्रत. ती दाखवली की काम झपाट्याने होतं, पण प्रत ताजी हवी. बोर्डावर ग्रंथालय बदललं आणि पीसीवर जुनंच राहिलं, तर पोटहिस्से पडून गेल्यावर जुन्या नकाशावरून शेत मोजायला जावं तसं होतं: आकडे येतात, बांध मात्र भलतीकडेच पडतो. स्टॅकवर कधीच न बोलावलेली फंक्शनं दिसू लागली की आधी सिसरूटवर संशय घ्यावा.

आता त्या माळेकडे. जोडणी करताच कधी कधी जीडीबी म्हणतो, ‘रिमोट जी पॅकेट रिप्लाय इज टू लाँग’. नवख्याला वाटतं नेटवर्क बिघडलं. नेटवर्क ठणठणीत असतं. बोर्डाने पाठवलेली रजिस्टरांची माळ जीडीबीच्या अपेक्षेपेक्षा लांब निघाली, एवढाच याचा अर्थ. पीसीचा साधा जीडीबी चुकून उघडला असेल तर तो इंटेलच्या रजिस्टरांची वाट पाहत बसलेला असतो. ३२ बिटी आर्मचा डिबगर ६४ बिटी प्रोग्रामला जोडला, तरी हेच. तिसरं कारण लपलेलं असतं. सर्व्हर आपल्याकडे कोणती रजिस्टरं आहेत याचं वर्णन एक्सएमएलमध्ये देऊ करतो. मोठा तुकडा एक्सपॅटशिवाय बांधला असेल तर त्याला ते वर्णन वाचता येत नाही आणि तो जुन्या ठोकताळ्यावर चालतो. एक्सएमएलची सोय कम्पाइल करताना बंद होती, असा इशारा तो आधी देतो, पण त्या ओळीकडे फारसं कोणी बघत नाही. म्हणून एक्सपॅटचा पर्याय ‘यस’ असा ठासून द्यावा. मग ग्रंथालय सापडलं नाही तर कॉन्फिगर तिथेच थांबतं आणि बिघाड आठवड्यानंतर भलत्या जागी उगवत नाही.

अख्खा जीडीबी बोर्डावरच हवा अशीही वेळ येते, बोर्ड दूर शेतात किंवा कारखान्यात असतो आणि पीसी जोडायची सोय नसते. मग होस्ट आणि टार्गेट दोन्ही आर्म, आणि जीएमपी, एमपीएफआर, एक्सपॅट, एनकर्सेस हे सगळं आधी आर्मसाठी बांधून ठेवायचं. ‘टर्मकॅप ग्रंथालय सापडलं नाही’ ही तक्रार या वाटेवर हमखास भेटते, कारण ती सोय एनकर्सेस पुरवतं आणि पीसीवरचं एनकर्सेस इथे निरुपयोगी असतं. पायथन बंद ठेवावा, कारण कॉन्फिगर पायथनची माहिती पायथनलाच चालवून विचारतं, आणि बिल्डच्या वेळी चालू शकतो तो फक्त पीसीचा. हे काम बिल्डरूटकडे सोपवणं शहाणपणाचं. तिन्ही यंत्रं एकमेकांहून वेगळी असतील, उदाहरणार्थ लिनक्सवर बांधलेला, विंडोजवर चालणारा आणि आर्मकडे पाहणारा डिबगर, तर त्या प्रकाराला कॅनेडियन क्रॉस म्हणतात. नियम तेच, फक्त तिन्ही नावं स्वतः लिहायची.

प्रोसेसर अगदी नवा असेल तर वेगळीच भिंत लागते. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे भारतात रचलेले प्रोसेसर आरआयएससी-व्ही या खुल्या सूचनासंचावर आधारलेले आहेत. जीडीबीचा बराच जुना सोर्स घेऊन टार्गेट म्हणून आरआयएससी-व्हीचं नाव दिलं, तर कॉन्फिग-डॉट-सब ही छोटी स्क्रिप्ट ‘हे यंत्र ओळखीचं नाही’ म्हणून परत पाठवते. नावं प्रमाण रूपात आणणं हे तिचं काम. तिच्या जागी नवी प्रत ठेवली की नाव पटतं, पण पुढची दारं बंदच राहतात. जीडीबीच्या सोर्समध्ये प्रत्येक प्रोसेसरासाठी टी-डेप असं शेपूट असलेली फाइल असते: आर्मची एक, ६४ बिटी आर्मची एक, अशा. रजिस्टरांची नावं, सापळ्याचे बाइट, स्टॅक उलगडायची रीत, सगळं तिच्यात. नॅट नावाच्या दुसऱ्या फाइली असतात, त्या फक्त डिबगर आणि प्रोग्राम एकाच यंत्रावर असताना लागतात. म्हणून पीसीवरचा आर्मचा जीडीबी बांधताना आर्मच्या टी-डेप फाइली कम्पाइल होतात आणि आर्मच्या नॅट फाइलींना कोणी हात लावत नाही. आरआयएससी-व्हीची टी-डेप फाइल जीडीबीच्या मुख्य सोर्समध्ये २०१८ मध्ये आलेल्या जीडीबी ८.२ पासून आहे. त्याआधीच्या सोर्सला कॉन्फिगरमध्ये काहीही लिहिलं तरी त्या प्रोसेसरवर ब्रेकपॉइंट लावता येणार नाही, कारण तिथे कोणते बाइट लिहायचे हे त्या सोर्समध्ये कुठेच लिहिलेलं नाही.